नाव घेणारा आवाज

२०२५ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि बायकोला जाऊन वर्ष झालं होतं. मुलगी बोईसरहून दांडीला, समुद्रकाठच्या आमच्या गावी, आली होती. तिने आईचे मोबाइलवर बोललेले जुने निरोप एका ॲपला दिले होते. आता ते ॲप आईच्या आवाजात नवीन बोलायचं. भर दुपारी मी जाळं विणत बसलो असताना तिने फोन माझ्याजवळ ठेवला.

"जेवलात का?" आवाज बायकोचाच, खोकल्यासकट. मग त्या आवाजाने माझं नाव घेतलं. आमच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. रेशनच्या दुकानातसुद्धा माझं नाव सांगायला ती शेजारणीला पुढे करायची. मी हातातलं जाळं बाजूला टाकलं.

"बंद कर. ही ती नाय."

"बाबा, नाव मीच टाकलं, ते काढते. पण मला करमत नाय तिच्याशिवाय."

"तिला कुणी विचारलं होतं का?"

तेवढ्यात फोनमधून पुन्हा माझ्या नावाने हाक आली, आणि मी ओ देऊन बसलो. मुलगीही घाबरली. कंपनीला लिहून कळवलं तर आवाज पुसतात, असं ती हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या तिसरीपर्यंतच्या अक्षरात अर्ज लिहिला : खरे निरोप मुलीकडे राहू द्या, बनवलेला आवाज पुसा. खाली सही केली आणि मुलगी त्याचा फोटो कंपनीला पाठवेपर्यंत तिच्यासमोरून हललो नाही.