वास्तू, कचोरी आणि माझ्या मनाचे दोन ढीग

माझ्या मनावर एकदा संशोधन झालं. रेल्वेत इतकी वर्षं कारकुनी केली, पण मला मन आहे असा संशय तिथे कुणाला आला नव्हता. त्यामुळे निवृत्तीनंतर का होईना, पण बरं वाटलं.

संशोधक म्हणजे माझी भाची सायली. ती झाशीत आमच्याकडे राहून मानसशास्त्रात पीएचडी करत होती. वाढली ग्वाल्हेरला, त्यामुळे मराठी सगळं समजतं, बोलताना मात्र गाडी हिंदीच्या रुळावर जाते. तिचं म्हणणं असं, की शंभर माणसांची सरासरी काढून एका माणसाचं काही कळत नाही. माणूस चहाच्या आधी एक असतो आणि चहानंतर दुसराच. म्हणून एकाच माणसाचे दिवसभरातले क्षण गोळा करायचे, मग संगणक सारख्या सारख्या क्षणांचे ढीग घालतो. मामी मूग आणि मटकी निवडते तसंच, म्हणाली. (आमच्या घरात मटकी मीच निवडतो, पण संशोधनात अशा चुका व्हायच्याच.)

"बस, इतकंच मामा. फोन टिंग करेल, तेव्हा जे फील होतंय ते दाबून द्यायचं. तुम्ही कुठे आहात ते फोन खुद नोट करेल. पण खरं दाबायचं हं. हा पूरा चॅप्टर तुमच्यावर आहे."

चॅप्टरचं प्रकरण गंभीर होतं. आधी जो गृहस्थ तिने धरला होता, तो प्रत्येक टिंगला 'ठीक' एवढंच दाबायचा. त्याच्या मनाचा एकच ढीग झाला आणि तिच्या मार्गदर्शक मॅडमनी तो परत पाठवला. आता माझ्यातही काही निघालं नसतं तर पोरीचं वर्ष वाया जाणार होतं. मी छाती पुढे काढून सांगितलं, की माझ्यात पुष्कळ चढउतार आहेत.

पहिला टिंग झाला तेव्हा वीज गेलेली, पंखा बंद आणि मी घामाने निथळत होतो. 'चिडचिड' दाबणार इतक्यात आमची नलू पोळी तव्यावर टाकून धावत आली.

"अहो, घरात बसून असलं काही दाबायचं नाही. वास्तू तथास्तु म्हणते."

मी म्हटलं, अगं, बोलतोय कुठे? नुसतं बटण आहे.

"आवाज येतो ना त्याला? मग झालं तर."

आता या बाबतीत तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. तिच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या पूजा सांगणारी माणसं. घरातला तांदूळ संपला तरी 'संपला' म्हणायची सोय नाही, तिथे माझी चिडचिड कोण चालवून घेणार? पण सायलीला तर खरं हवं होतं. उत्तर द्यायला पाव तासाची सवलत होती, म्हणून मी तोडगा काढला. आनंद, समाधान वगैरे घरात दाबायचं; राग, उदासी, काळजी हे सगळं घराबाहेर नेऊन दाबायचं.

घराबाहेर म्हणजे लक्ष्मी गेटाच्या अलीकडे, कचोरीच्या दुकानापुढच्या बाकावर. दुकानदाराच्या बाकावर नुसतं बसणं बरं दिसत नाही, म्हणून एक कचोरी. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं होतं खरं, पण हे शास्त्राचं काम होतं. आणि खोटं कशाला बोलू, हळूहळू माझी मनःस्थिती फार वरचेवर बिघडू लागली. वर्तमानपत्र उशिरा आलं तरी मला उदास वाटायचं आणि मी चपला घालायचो.

महिनाभराने संगणकाने ढीग घातले. दोनच, पण इतके वेगळे, की सायली घरभर नाचली. मॅडमही खूश झाल्या आणि मला बघायला घरी आल्या. नलूने पोहे केले. मॅडम नलूला कौतुकाने म्हणाल्या, "घर में तो ये एकदम शांत रहते हैं. जितनी उदासी है, सब उस कचौड़ी की दुकान पर है. इन्हें वहाँ मत जाने दीजिए."

नलू माझ्याकडे वळली. "कसली कचोरी?"

मी सायलीकडे पाहिलं. पोरीचा चेहरा फुललेला होता. गप्प बसलो तर चॅप्टर वाचत होता, पण तो साफ खोटा. आणि खरं दाबा, असं तिनेच बजावलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. पण अशी गोष्ट घरात कशी बोलणार? मी म्हटलं, सगळे जरा बाहेर चला. मग भर गल्लीत उभा राहून मी वास्तूपासून कचोरीपर्यंत सगळं सांगून टाकलं.

"मतलब... सगळा डेटा गया?" सायलीचे डोळे भरून आले. तेवढ्यात फोन टिंग झाला. बाहेरच होतो, 'उदास' दाबलं. ती माझी पहिली बिनकचोरीची नोंद.

आणि मग दारातूनच ऐकणाऱ्या नलूने उंबरठा ओलांडला. म्हणाली, "आता बाहेर आलेच आहे, तर बोलते." लग्नापासून सुरुवात केली तिने. पलंगावरचा ओला टॉवेल, न सांगता जेवायला आणलेले साहेब, तिच्या भावाच्या लग्नात माझं ऐन मुहूर्ताला झोपणं! गल्लीतल्या बायका पापड वाळत घालायचं सोडून ऐकत होत्या. मी मध्येच आत पंखा चालू राहिला का बघून येतो म्हटलं, पण कुणी जाऊ दिलं नाही.

मॅडमनी विचारलं, हे घरात कधी बोलला नाहीत?

"घर में कैसे बोलूँ? घर सुनता है," नलू म्हणाली.

मॅडम सायलीच्या कानाशी लागल्या, तरी मला ऐकू आलं. "तुम्हारा चैप्टर तो ये हैं."

फोन नलूच्या हातात गेला. मनःस्थिती घरातली, पण दाबायची दाराबाहेरच्या ओट्यावर येऊन, आणि तेव्हा घरात कोण होतं तेही दाबायचं, असं यावेळी आधीच ठरलं. चॅप्टर उत्तम झाला, पोरीचं वर्ष वाचलं. नलूचेही दोनच ढीग निघाले, माझ्यापेक्षा स्वच्छ.

"मामा, मामीचा एक ढीग तुम्ही घरात असता तेव्हाचा," सायली म्हणाली, "आणि दुसरा तुम्ही बाहेर जाता तेव्हाचा. सुखाचा कोणता, सांगू?"

"घरात नको," मी म्हटलं आणि चपला घातल्या.

आतून नलूचा आवाज आला, किती दिवसांनी इतका गोड. "निघालात का? सावकाश या हं. कचोरी खाल्लीत तरी चालेल."