अंगणातली कॅरॅव्हॅन आणि माझं पत्रक

वसईला आमच्या जेवणाच्या टेबलाखाली पत्रकांचे गठ्ठे असत. जमिनी बळकावणाऱ्या बिल्डरांविरुद्ध पप्पा मजकूर लिहीत आणि रविवारी मिस्सा संपली की चर्चच्या फाटकात मी ती वाटत असे. पत्रकाची पहिली ओळ कशी असावी हे मी तेव्हाच शिकले. आपल्याला कुणीतरी पाहिलंय, असं वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे.

सिडनीत वेस्टमीडच्या एका लॅबमध्ये नोकरी लागली आणि मला जुन्या कॅरॅव्हॅनचं वेड लागलं. मोटारीमागे जोडून न्यायच्या चाकांवरच्या खोल्या, साठेक वर्षांपूर्वीच्या, प्लायवुडच्या. इथल्या घरांच्या मागच्या अंगणात अशा कितीतरी ताडपत्रीखाली कुजत असतात. दोन मी कॅसल हिलला मामाच्या गॅरेजमध्ये दुरुस्त केल्या होत्या. जुनं फेकून नवं घेणाऱ्या जगाला हे माझं उत्तर आहे, असं मी भेटेल त्याला ऐकवत असे.

शोधायची माझी पद्धत सोपी होती. ट्रेनच्या खिडकीतून, कुंपणावरून कॅरॅव्हॅन दिसली की त्या घराच्या लेटरबॉक्समध्ये पत्रक टाकायचं. ‘तुमच्या अंगणातली कॅरॅव्हॅन आम्ही पाहिली आहे. ती अशी ठेवणं अन्याय आहे. अजून वेळ गेलेली नाही, फोन करा.’ आम्ही म्हणजे मी एकटीच.

वेंटवर्थव्हिलच्या एका घरमालकाचा दोन दिवसांत फोन आला. गोल पाठीची, मी दोन वर्षं शोधत होते तशी कॅरॅव्हॅन. “शनिवारी घेऊन जा. मला पैसे नकोत, कटकटही नको,” म्हणाला. मला वाटलं, पत्रक पोचलं.

शनिवारी मामाच्या गाडीने गेलो. कॅरॅव्हॅनचं दार उघडंच होतं. आत माझ्याच वयाची एक मुलगी बॅग भरत होती. खिडकीला वृद्धाश्रमातल्या कामाचा युनिफॉर्म वाळत होता, ओट्यावर स्टीलचा डबा.

“मामा, इथे कुणी राहतंय,” मी म्हटलं.

तिने वर पाहिलं. “मराठी? म्हणजे तूच ती ‘आम्ही’.” तिने डब्याखालून माझं पत्रक काढलं. “मला इथे मागे भाड्याने ठेवायची परवानगी नाहीये मालकाला. हे वाचून त्याला वाटलं, कौन्सिलला कळलं, आता पालिकेचे लोक येणार. म्हणाला, शनिवारपर्यंत निघ.”

“मी फक्त कॅरॅव्हॅनबद्दल लिहिलं होतं.”

“हो ना, वाचलं मी. बिचारीवर फार अन्याय झालाय. हिवाळ्यात भिंतींना आतून पाणी सुटतं, तेवढं बघ.”

मामा हळूच म्हणाला, “बाळा, जाऊन सांग त्याला, तू कौन्सिलची नाहीस.”

मालक स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा होता, जेमतेम वीस पावलांवर. एक वाक्य पुरलं असतं. पण त्याची भीती गेली असती तर त्याने कॅरॅव्हॅन दिली नसती, हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं. मी म्हटलं, “आता तो ऐकणार नाही.” मामा गाडीचा हुक जोडायला गेला.

मी तिच्या बॅगा फाटकापर्यंत नेल्या. ते करताना मला बरंही वाटलं, हे लिहायलाच हवं.

“कुठे जाशील?”

“मैत्रिणीच्या हॉलमध्ये. आठवडाभर ठेवेल. नो वरीज.” शेवटचे दोन शब्द तिने इंग्रजीच्या क्लासात म्हणावेत तसे म्हटले.

पप्पांना व्हिडिओवर कॅरॅव्हॅन दाखवली तेव्हा म्हटलं, एका शेतात पडून होती. ते खूश झाले. “माझी पोर काही वाया जाऊ देत नाही,” शेजाऱ्यांना हाक मारून म्हणाले.

कुजलेली भिंत काढली की ती फेकायची नसते. नव्या प्लायवुडवर ठेवून तिच्या कडेने पेन्सिल फिरवायची, मग कापायचं. ती भिंत मी मामाच्या गॅरेजात आडवी टाकली. आतल्या बाजूला पलंगाच्या उंचीवर टेपने चिकटवलेला शिफ्टचा तक्ता होता. त्या शनिवारनंतरच्या दोन आठवड्यांच्या सकाळच्या शिफ्ट, आणि प्रत्येकीपुढे पेनाने वेंटवर्थव्हिल स्टेशनवरच्या पहिल्या ट्रेनची वेळ. त्यासाठीच ती तिथे राहत असणार. मी पेन्सिल ठेवली आणि पप्पांना फोन लावून सगळं सांगितलं.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

“आता कुठे असते ती?”

“माहीत नाही, पप्पा.”

“नाव काय?”

तेही मी विचारलं नव्हतं. कॅरॅव्हॅनच्या चॅसीवरचा नंबर मात्र मला पाठ होता.

“कुंपणापलीकडची गाडी दिसते तुला,” ते म्हणाले. “आता हिला शोध.”

त्या भिंतीला मी अजून हात लावलेला नाही. तक्त्यावर तिच्या कामाच्या ठिकाणाचा फोन नंबर छापलेला आहे. काय बोलायचं ते मी तीनदा लिहून काढलं, आणि तिन्ही वेळा ते पत्रकासारखंच झालं. उद्या न लिहिताच फोन करणार आहे.