जावयाने तपासलेला अर्ज

माझ्या मेहुण्याच्या मुलीचा बिनचूक इंग्रजी अर्ज मी तपासला, त्यात चार चुका घातल्या आणि तिच्याच फोनवरून, माझ्या हाताने, कंपनीला पाठवून दिला.

कंपनी शिरूरजवळची. बाहेरच्या गिऱ्हाइकांना पत्रं पाठवायच्या कामाची जागा होती. पोरीला ही नोकरी लागली तर बरं, नाहीतर यंदा स्थळं बघायची, असं तिच्या घरी ठरलेलं होतं. तिला एवढ्यात लग्न नको होतं, म्हणून तिने तो अर्ज दोन दिवस बसून लिहिला होता.

दौंड ही माझी सासुरवाडी. मी शिरूरला दुसऱ्या एका कारखान्यात माल रवाना करण्याच्या खात्यात आहे, मालाबरोबर जाणारी इंग्रजी पत्रं मीच लिहितो. एवढ्या भांडवलावर सासरी माझ्या इंग्रजीचा दरारा आहे. त्यात मी जावई. आमच्याकडे जावई म्हणाला की भाजी खारट झालीय, तर चांगली झालेली भाजीसुद्धा त्या दिवसापुरती खारट होते.

त्या रविवारी जेवणाआधी सासरे म्हणाले, "पाव्हणं, पोरीनं अर्ज लिहिलाय. जरा नजर टाका."

नजर टाकली. सगळं बरोबर वाटत होतं. पण नुसतं 'बरोबर आहे' म्हणायला जावई कशाला लागतो? मी पेन मागितलं.

सुरुवातीचं 'आय ॲम' खोडून 'मायसेल्फ' केलं. भारदस्त वाटतं. मग 'गुड ॲट टायपिंग' दिसलं.

"टायपिंगमध्ये हुशार ना तू? मध्ये म्हणजे इन. ॲट कशाला? टायपिंग काय एसटी स्टँड आहे?"

सासरे खदखदून हसले आणि माझ्या अंगात आलं. प्राचार्यांशी प्रोजेक्ट 'डिस्कस' केला, असं तिने लिहिलं होतं. चर्चा कशाबद्दल ते नको का? मी मध्ये 'अबाउट' कोंबलं. पुढच्याच वाक्यात त्या प्राचार्यांचा तिने एकेरी उल्लेख केलेला. मला खरोखरच वाईट वाटलं. म्हणालो, "अगं, गुरूंना अरेतुरे?" आणि तिथलं 'ही' खोडून आदराचं 'दे' केलं.

ती चाचरत म्हणाली, "मामा, इंग्रजीत एका माणसाला…" आत्याचा नवरा म्हणून ती मला मामा म्हणते.

"गप ए," सासरे म्हणाले. "पाव्हण्यांना शिकवतीस व्हय?"

माझी बायको दारात उभी राहून म्हणाली, "अहो, तिचं राहू द्या की तसंच." मी राहू दिलं नाही. पोरीकडून फोनवर दुरुस्त्या करून घेतल्या, बटण मात्र स्वतः दाबलं आणि जेवायला बसलो.

मुलाखतीचं बोलावणं आलं. अर्जाला तपासनीस लाभल्यामुळेच आलं, असं मी दोन दिवस ऑफिसात सांगत होतो. मुलाखतीच्या दिवशी अर्धी रजा टाकून तिच्याबरोबर गेलो. मला केबिनबाहेर बसवलं. दार अर्धवट उघडं होतं.

आतल्या मॅडम अर्ज चाळत म्हणाल्या, "तुमच्या कॉलेजला प्राचार्य किती होते?"

"एकच, मॅडम."

"मग हे 'दे' कोण?"

मॅडमचं बोट वरच्या ओळीवर गेलं.

"आणि हे 'मायसेल्फ'? 'डिस्कस अबाउट'? स्वतः लिहिलंय ना?"

'मामांनी बदललं' एवढे दोन शब्द पुरले असते. पण तिने मान खाली घातली. घरी झालेली सवय, दुसरं काय.

"हे बघा, इथून पत्रं बाहेर जातात. अवघड आहे," मॅडम म्हणाल्या.

या वेळी मी काय करत होतो? समोरच्या भिंतीवर आग लागली तर काय करावं याची पाटी होती, ती मन लावून वाचत होतो. दोनदा वाचली. मग आतून खुर्ची सरकल्याचा आणि तिच्या "थँक यू मॅडम"चा आवाज आला, तेव्हा कुठे माझे पाय हलले.

"मॅडम, त्या चुका माझ्या आहेत," मी दारातूनच म्हणालो. "तिनं बरोबर लिहिलं होतं."

"तुम्ही कोण?"

"मी यांच्या घरचा जावई."

मॅडम इकडच्याच असाव्यात. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. पोरीकडे एक कोरा कागद सरकवला आणि मला म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा. लांब बसा."

तिने वीस मिनिटांत मालाला उशीर झाल्याचं एक पत्र लिहून दिलं. मॅडमनी ते उभ्याउभ्या वाचलं आणि सोमवारपासून कामावर यायला सांगितलं.

दौंडची गाडी लागायला वेळ होता, म्हणून स्टँडसमोर चहा घ्यायला बसलो. पोरगी खुशीत होती, फोन करकरून घरी सांगत होती. माझ्याशी मात्र नेहमीसारखीच अदबीने वागत होती आणि तेच मला टोचत होतं. शेवटी मीच विषय काढला.

"तुला म्हणून सांगतो, बावीस वर्षं मी कंपनीत असंच इंग्रजी लिहितोय. मायसेल्फ, अबाउट, सगळं. आजवर एकानं चूक म्हणून दाखवली नाही."

तिने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे सरळ बघत विचारलं, "म्हंजी कंपनीत बी तुम्ही जावईच हाय का, मामा?"