फिरवलेले जोडे

कोरियातल्या हुक्चोन या खाणगावाच्या वरच्या आळीत आता दोनच घरांतून धूर निघतो, आणि त्या दोन घरांतल्या बायका एकमेकींशी बोलत नाहीत. एकोणऐंशीच्या हिवाळ्यापासून नाहीत! मधे भिंत एकच, तीही अशी की पलीकडे मालसून खोकली की अलीकडे जोमरेची झोप मोडते. पण बोलणं? नाव नको.

सत्तरनंतरची ती वर्षं आठवली की वाटतं, ही तीच जागा का? खाणीनं डोंगराला चिकटून खोल्यांच्या ओळी बांधल्या होत्या आणि एकेका खोलीत सहा-सात माणसं कोंबली होती. नळावर बादल्यांची रांग, संडासापुढे त्याहून मोठी. ओढा काळाकुट्ट वाहायचा, आणि धुणं बाहेर वाळत घातलं तर पुन्हा धुवायला लागायचं. पगाराच्या संध्याकाळी आळीभर डुकराचं मांस भाजल्याचा वास सुटायचा, घशातली धूळ त्यानं उतरते म्हणायचे. कुणी गायचं, कुणाची बायको त्याला शिव्या द्यायची. आता कुणी जोमरेला विचारलं, "कसं होतं हो तेव्हा?" तर ती म्हणते, "घाण होती मेली," आणि पदर नाही म्हणून बाहीनंच डोळे पुसते.

तिचा नवरा दोकमान खाणीत लाकडी टेकू लावायचं काम करायचा. मोठा थट्टेखोर माणूस. जेवताना म्हणायचा, "डोंगर मी खांद्यावर धरतो आणि तू मला भात वाढताना हात आखडतेस!" ती वाढायची आणि तो निघेपर्यंत एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहायची. खाणवाल्याचे जोडे दारातल्या पायरीवर आत तोंड करून ठेवायचे. पुढची टोकं घराकडे, म्हणजे माणूस घराकडे परत येतो. पाळीवर निघालेल्या माणसाला बाईनं आडवं जायचं नाही, तो घरात असेपर्यंत जोड्यांची टोकं बाहेर करायची नाहीत. हे सगळं नव्या सुनेला शेजारणीनं शिकवायचं असायचं.

मालसून शेजारच्या खाणवाल्याशी लग्न होऊन आली ती येचोनहून, खाली भातशेतीच्या मुलखातून. गोरीपान, मऊ बोलणारी, आईनं चांगलं वळण लावलेली. नवऱ्याच्या आधी जेवायची नाही, मोठ्यांकडे पाठ करायची नाही. आळीतल्या बायकांनी तिचं नाव 'येचोनवाली' ठेवलं आणि जोमरेनं तिला धाकट्या बहिणीसारखं जवळ केलं. चूल विझली की येचोनवाली चिमटा घेऊन दारात हजर. "ताई, तुमच्यातली एक पेटती वडी द्या ना." भोकाभोकांची कोळशाची वडी लालबुंद पेटलेली तशीच चिमट्यात धरून न्यायची. "परत विझवलीस? तुला नवरा तरी सांभाळता येतो का गं?" जोमरे म्हणायची, आणि दोघी खिदळायच्या. आडवं जायचं नाही, हे जोमरेनं तिला शिकवलं होतं. जोड्यांचं राहून गेलं.

त्या दिवशीही ती वडी न्यायलाच आली होती. दोकमान दुसऱ्या पाळीला निघायचा म्हणून जेवत होता, जोमरे वाढण्यात गुंतली होती. जाता जाता मालसूननं पायरीवरचे जोडे पाहिले, आणि आईनं शिकवलं होतं तसे, घरातल्या पुरुषमाणसाला वाकावं लागू नये म्हणून, नीट जोडीनं बाहेर तोंड करून ठेवले. दोकमाननं बघितलंसुद्धा नाही. पाय सरकवले आणि गेला; जोडे फिरलेले होते हे जोमरेच्या ध्यानात आलं तोवर तो उतारावर होता.

संध्याकाळी भोंगा झाला. खालच्या बोगद्यात पाणी फुटलं होतं.

जोमरे खाणीच्या फाटकापर्यंत अनवाणी पळाली, आणि परत आल्यावर तिनं एकच विचारलं, "त्यांचे जोडे कुणी फिरवले?"

"मी, ताई," मालसून म्हणाली. तिला अजून काही कळलंच नव्हतं. "घालायला सोपं जावं म्हणून."

बस्स. त्यानंतर शब्द नाही. लोकांनी समजावून पाहिलं. खालच्या ओळीतल्या म्हातारीनं तर तोंडावर विचारलं, "पाच जण गेले ना? मग बाकीच्या चौघांचे जोडे कुणी फिरवले होते गं?" जोमरे म्हणाली, "मला चौघांचं काय सांगता?" खाणीनं तिला नवऱ्याच्या बदली सरकत्या पट्ट्यावर काम दिलं, कोळशातून दगड वेचायचं. दगड वेचता वेचता तिच्या मनात यायचं, तिला सांगायचं कुणी होतं? आणि ते मनात आलं की तिला मालसूनचा जास्तच राग यायचा.

मग खाण बंद पडली. माणसं आन्सानच्या कारखान्यांकडे निघाली, रोज कुणाची तरी गादी-भांडी ट्रकवर चढायची. शाळेला कुलूप लागलं. ओढा स्वच्छ झाला, त्यात मासे आले, पण धरायला पोरं कुठं होती? डोंगरापलीकडे जुगाराचा मोठा अड्डा झाला, आणि पूर्वी मांस भाजायचे त्या दुकानांत घड्याळं-मोटारी गहाण ठेवून घेणारे बसले. सरकारनं रंगवाले पाठवले. त्यांनी जोमरेच्या भिंतीवर न विचारता एक हसरा खाणकामगार काढला. "याला हसायला काय झालंय?" म्हणून ती त्यांच्या अंगावर गेली होती. लोक येतात, त्याच्याबरोबर फोटो काढतात आणि जातात.

मालसूनचा नवरा छातीत धूळ भरून गेला तेव्हा जोमरे मागच्या दारानं गेली, आलेल्यांसाठी मोठ्या पातेल्यात मांसाचा तिखट रस्सा रांधला, आणि तोंड न उघडता परत आली. दोघींची मुलं शहरात. सकाळी जळून पांढरी पडलेली वडी दोघी दाराबाहेर ठेवतात. जोमरे आधी शेजारच्या दारात बघते. वडी आहे, म्हणजे बाई आहे. मग ती तोंड धुते.

या माघात, बर्फ साचलेला असताना, शेजारच्या दारात वडी नव्हती.

जोमरेनं तोंड धुतलं नाही. ती शेजारच्या दाराशी गेली आणि पायरीवर तिचे पाय थबकले. मालसूनचे रबरी जोडे आत तोंड करून ठेवलेले होते. घरात पुरुष नाही, खाण नाही, आणि ही अजून...! ती दार ढकलून आत गेली. मालसून चुलीपाशी पडलेली, कंबर मोडलेली, ओठ निळे. जोमरेनं गोधडी टाकली, तिचे पाय स्वतःच्या पोटाशी धरले आणि फोन केला. तरीही बोलली नाही. पंचेचाळीस वर्षांनी सुरुवात कशानं करायची?

रुग्णवाहिकेतून एक मुलगी आणि एक माणूस वर आले. मालसूनला बाहेर काढताना त्या मुलीनं चटकन वाकून जोडे उचलले आणि बाहेर तोंड करून ठेवले.

"हात लावू नकोस!" जोमरे ओरडली. "ठेव तसेच! आत तोंड कर त्यांचं!"

पोर घाबरली. "आजी, मी आपलं... घालायला सोपं जावं म्हणून."

जोमरे पायरीवर बसली. तेच शब्द, तसाच भाबडा चेहरा. एवढ्यासाठी मी येचोनवालीला जन्मभर जाळलं?

"ताई," स्ट्रेचरवरून मालसून म्हणाली, "रागावू नका तिच्यावर. तिला कुणी सांगितलं नसेल."

"कोण सांगणार! माझंच सांगायचं राहिलं गं, येचोनवाली. तेव्हाही माझंच राहिलं." जोमरे तिचा हात सोडेना. "परत ये. ऐकलंस? मी तुझी चूल विझू देत नाही."

मालसून हसली. बोलायला लागली आणि खोकला आला, मग तिला खाली नेलं.

जोमरे रोज दोन चुली पेटवायची. आपल्या घरातली पेटती वडी चिमट्यात धरून शेजारी न्यायची, आणि सकाळी दोन्ही दारांत पांढऱ्या वड्या ठेवायची. जोड्यांवरचा बर्फ बाहीनं झाडायची.

एका दुपारी मालसूनचा मुलगा ग्वांगसू आला. काळा कोट, सुजलेले डोळे. इस्पितळातल्या मयताच्या खोलीत ठेवायला आईचा फोटो न्यायला आला होता.

"मोठी आई," तो म्हणाला, "आई रोज एकच विचारायची, ताईंनी माझे जोडे कसे ठेवलेत? मी म्हणायचो, आत तोंड करून. न बघताच म्हणायचो."

"खरं तेच सांगितलंस," जोमरे म्हणाली.

तो फोटो शोधायला आत गेला. जोमरे गुडघ्यावर हात देत पायरीशी वाकली, मालसूनचे जोडे उचलले, पुसले, आणि जोडीनं नीट बाहेर तोंड करून ठेवले.

"जा बाई," ती म्हणाली. "घालायला सोपं जाईल."