तिच्या नावाचा रोट

वहिनीचा डावा पाय सुजला, तेव्हा आमच्या देवीवर, कानबाईवर माझा राग होता. ऐन रोटाच्या, तुझ्या नैवेद्याच्या दिवशीच का, असं मी तिला मनातल्या मनात विचारलं. पायाचं कारण मीच होतो, हे तेव्हा कळलं नव्हतं. कळल्यावरही मी वर्षभर बोललो नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. आम्ही खानदेशातून सुरतेला आलेले. कतारगामच्या एका चाळीत दादा, वहिनी आणि मी राहायचो. दादा आणि मी कापडाच्या लूमवर कामाला. आई गेल्यावर वहिनीनेच मला वाढवलं. मोरीत घसरून तिचा घोटा मोडला, प्लास्टर लागलं. ते काढलं त्या दिवशी दादा पाळीवर होता, म्हणून मी बरोबर गेलो. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, आता झोपवून ठेवू नका, रोज थोडं थोडं चालवा, बोटं हलवत राहू द्या. मी मान डोलावली आणि घरी कुणालाच सांगितलं नाही. जन्मभर राबलेली बाई, घेऊ दे विसावा, असं वाटलं. पाणी, ताट, चहा, सगळं तिच्या खाटेशी नेलं. ती उठू लागली की मीच रागवायचो. तीन आठवडे तिचं पाऊल जमिनीला लागू दिलं नाही.

श्रावणातल्या त्या रविवारी पोटरी टणक झाली, तापली. वहिनीला संध्याकाळी आरतीला बसायचं होतं. मी तिळाचं तेल कोमट केलं. आमच्याकडे दुखऱ्या पायाला दुसरा उपाय कुणाला ठाऊक होता? घरात बसवलेल्या कानबाईची गाणी ऐकून दर्शनाला आलेली एक अनोळखी गुजराती बाई दारात उभी होती. माझा हात पोटरीवर टेकणार, तोच ती आत आली आणि तिने माझं मनगट धरलं.

"चोळशो नहीं, भाई. पहेलां दवाखाने लई जाव."

ती दवाखान्यात आया होती म्हणे. असाच पाय चोळला आणि बाईचा श्वास गेला, हे तिने वॉर्डात पाहिलं होतं. एवढं सांगून तिने देवीला नमस्कार केला. आम्ही रिक्षा आणायच्या गडबडीत, ती कधी निघून गेली ते पाहिलंच नाही.

दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी समजावलं. चालताना पोटरी आवळते, तेव्हा शिरांतलं रक्त वर हृदयाकडे ढकललं जातं. पोटरी निजून राहिली की रक्त साचतं, गोठतं. चोळल्याने ती गाठ सुटली असती तर फुफ्फुसात जाऊन अडकली असती. मग त्यांनी विचारलं, हिला चालवायला कुणी सांगितलं नव्हतं का? दादाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, नाही. माझं पाप मी त्या बिचाऱ्या प्लास्टरवाल्या डॉक्टरच्या माथी मारलं.

रक्त पातळ करायची इंजेक्शनं झाली, मग कित्येक महिने गोळ्या. वहिनी वाचली. त्या बाईला मी गल्लोगल्ली शोधलं, ती भेटली नाही.

पुढच्या वर्षी रोट झाले. कानबाईचा रोट भावकीबाहेर देत नाहीत. तरी वहिनीने एक वाटा बाजूला काढला, त्या बाईच्या नावाचा. दादा कुरकुरला. वहिनी म्हणाली, "ती का बाहेरनी शे?"

ते ऐकून मला राहवेना. ती परक्या बाईचा उपकार मानत होती आणि मी घरातला असून खोटा. दादासमोरच सगळं सांगून टाकलं. दादा उठून बाहेर गेला. वहिनीने रोटाचं पीठ लागलेला हात माझ्या डोक्यावर ठेवला.

"माले माहीत व्हतं, भाऊ. डॉक्टरनं बोलनं मी पडदाआड आयकेल व्हतं. पन आजलोंग माले कोनी ताट आनी दिधं नव्हतं. पडी ऱ्हावानं गोड लागनं."

पडून राहणं तिलाही गोड लागलं होतं. मी रडलो. दादा परत आला आणि त्याने माझ्या ताटात रोट वाढला. दुसऱ्या दिवशी विसर्जनाला कानबाईबरोबर तो वाटाही तापीत सोडला, आणि येताना मी त्या प्लास्टरवाल्या डॉक्टरांकडे जाऊन माफी मागितली.

माणसाला जपायचं म्हणजे सगळं आपल्याच हातात घ्यायचं, असं मला वाटायचं. त्या दिवशी कानबाईनेच त्या बाईच्या रूपाने माझा हात धरला तो हेच सोडवायला, असं मी मानतो. आता रोज संध्याकाळी वहिनी गल्लीच्या टोकापर्यंत चालते. मी मागे असतो, पण हात देत नाही.