येडगावचा नंबर कितवा

ऑफिसात न येता काम करायची मुभा मिळाली, तेव्हा मी एका वहीत शहरं मांडली. पुणे, नाशिक, बंगळूर. माझं काम भाषांतराचं. त्याला लागतं काय, तर टेबल, कॉम्प्युटर, टेलिफोनची तार आणि लाईट. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. घरी बसून काम करते म्हटलं की लोकांना वाटायचं, हिची नोकरी गेली, सांगायला लाजतेय.

तिन्ही शहरांत मी थोडी थोडी राहून आले होते. पुण्यात पाणी सकाळी तासभर, आणि घरमालकीण अशी की दुपारी खोलीत दिसले की विचारायची, "आज सुट्टी का?" रोज विचारायची. नाशिकची हवा छान, खोली ऐसपैस, पण अख्ख्या दिवसात माझ्याशी बोलणारा माणूस एकच, दूधवाला. बंगळूरला लाईट, इंटरनेट सगळं झकास. फक्त संध्याकाळी काम संपलं की करायचं काय, ते कळायचं नाही. मी दहापैकी मार्क देत होते. सातच्या वर कुणी जात नव्हतं.

ती वही घेऊन मी येडगावला आले, मळ्यातल्या घरी. कांदा लावून महिना झाला होता. वडिलांनी, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, चष्मा लावून सगळं पान वाचलं. म्हणाले, "ह्यात आपलं गाव कुठंय? पास-नापास नंतर बघ, परीक्षेला तर बसव."

मी हसले आणि चौथा रकाना आखला.

पहिल्याच दिवशी अकराच्या सुमाराला बल्ब लालसर होऊन मंदावला, स्टॅबिलायझरनं टकटक केलं आणि कॉम्प्युटर गपकन बंद पडला. दोन पानं गेली. माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. मी असला थयथयाट केला की आई चुलीपुढून उठून आली. तात्या ओट्यावर होते. ते उठून विहिरीकडं गेले.

दुसऱ्या दिवसापासून मात्र व्होल्टेज असं स्थिर, की मला वाटलं वायरमन येऊन काहीतरी करून गेला. दहा ते पाच काम सुरळीत. दुपारी आई ताटात भाकरी आणि लसणाची चटणी आणून ठेवायची. खिडकीतून धरणाचं पाणी दिसायचं, पाखरं दिसायची, आणि कुणी विचारायचं नाही की आज सुट्टी का. पाणी द्यायच्या दिवशी पाच वाजले की तात्या दारात उभे. "झालं का गं काम? लावू का मोटर?" मी "लावा" म्हटलं की ते विहिरीकडं जायचे. मग मी बाहेर येऊन नुसती बसायचे. इतकं बरं मला कुठल्याच शहरात वाटलं नव्हतं. वहीत मी येडगावला साडेनऊ दिले. अर्धा मार्क टेलिफोनचा कापला, कारण तो मरायचा आणि मला मजकूर पाठवायला नारायणगावला जावं लागायचं.

तात्या रोज विचारायचे, "नंबर कितवा आला आपला?"

"पहिला," मी म्हणायचे.

ते मान डोलवायचे आणि चहा बशीत ओतायचे.

तीन आठवड्यांनी चुलती आली. विहीर आमच्यात आणि चुलत्यांत सामाईक, मोटरी आणि वायरी मात्र ज्याच्या त्याच्या. दोन दिवस त्यांची पाळी, दोन दिवस आमची. ती माझ्या खोलीत येऊन हळूच म्हणाली, "आगं, कांद्यानं माना टाकल्यात. तुझा बाप पाळी आसून दिवसाची मोटर लावीत न्हाई. मोटर लावली की तुझं यंत्र बंद पडतंय म्हनून. सांगू नको म्हनले व्हते."

घराला लाईट मोटरच्याच वायरीतून आलेली, लांबून ओढलेली. मोटर चालू झाली की घरातलं व्होल्टेज पडणार, हे शेतकऱ्याच्या पोरीला कळू नये? मोटर चालेल अशी शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री; एरवी त्या वायरीत घरापुरतीच असायची. दिवसाच्या आठवड्यात सहाला ती जायची. म्हणजे पाचाला मला विचारून ते जे पाणी द्यायचे, ते तासभरच. मी वाफ्यांत जाऊन आले. पाती शेंड्यापासून पिवळ्या पडल्या होत्या.

मी भांडले. म्हटलं, दिवसा मोटर लावा, मी रात्रीचं काम करीन. तात्या म्हणाले, "रातीचं जागून डोळं फोडायचं व्हय? कांदा काय, पुढच्या साली पुन्यांदा लावता येतोय." बास, विषय संपला.

मग मी खोटं बोलले. ऑफिसनं बोलावलंय म्हणाले.  तात्यांनी एवढंच विचारलं, "लाईटीपायी ना?" मी नाही म्हटलं. त्यांना ते पटलं नाही. पुढं कुणी पावणं आलं की सांगायचे, "पोरगी राह्यली आस्ती. आमच्याकडं लाईट न्हाई."

बंगळूरला येऊन मला आता बरीच वर्षं झाली. इथं व्होल्टेज कधी पडत नाही. पाच वाजले की मी अजून दाराकडं बघते, हे कुणाला सांगायची सोय नाही. घर आठवतं, असं नुसतं म्हणून भागत नाही. मला ते हवंय, रोज, पाच वाजता.

मागं एकदा संध्याकाळी फोन केला तर आई म्हणाली, "आता घराची लाईन येगळी झालीय. मोटर लावली तरी बल्ब हालत न्हाई. पर ह्यांची सवय जाती का? मोटर लावायला निघालं की आधी तुझ्या खोलीच्या दारात जाऊन उभं राहत्यात. आत्ता बी तिथंच हायेत."

तिनं फोन त्यांच्याकडं दिला. ते म्हणाले, "काय गं, तिकडं लाईट कशी हाय?"

डोक्यावर ट्यूब जळत होती, समोर अर्धं पान बाकी होतं. मी म्हटलं, "गेलीय तात्या. मघाशीच गेली."

"तिकडं बी जाती व्हय?" त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला.

"जाते की. काम बंद पडलंय माझं. लावा मोटर."