उंबऱ्याजवळची फरशी

हिंगोलीतल्या आमच्या नव्या घराला फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीचं नाव मी कधी विचारलंच नाही. प्रत्येक फरशी रबरी हातोडीनं ठोकून तो कान लावायचा. काम संपल्यावर म्हणाला, "भाऊ, फरशी वजनाला भीत न्हाई, झटक्याला भिते. कपाट हळू ठेवा, जल्मभर सोसंल. वास्तुशांतीचा नारळ तेवढा दगडावर फोडा."

मेव्हण्यानं नारळ उंबऱ्याजवळच्या फरशीवरच आपटला. जेवताना पाहुणे तडा बघून हसले, तेव्हा मी पंगतीतल्या मिस्त्रीवर ओरडलो, "कच्चं काम केलंस!" खरं मला ठाऊक होतं.

तो भरलं ताट घेऊन उठला. त्या तड्यावरच ते इतकं हळू टेकवलं, की आवाजसुद्धा झाला नाही. मग चपला घालून निघून गेला.